आयईईई कॉन्फरन्सचा पेपर: टेम्प्लेट उघडण्यापासून अंतिम पीडीएफ जमा करेपर्यंत

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, एमटेकचा प्रबंध किंवा पीएचडीचे पहिले निष्कर्ष हातात आले, की गाइड म्हणतात, "आता एक पेपर टाका." तो टाकायचा कसा, हे बहुतेक ठिकाणी कुणी बसवून शिकवत नाही. वरच्या वर्गातल्या कुणाची तरी जुनी वर्ड फाइल मिळते, त्यातला मजकूर खोडून आपला भरला जातो आणि तिथूनच अडचणी सुरू होतात. परीक्षकांनी पसंत केलेला पेपर केवळ अंतिम फाइल चुकीच्या जागी अपलोड झाली म्हणून किंवा कॉपीराइटचा फॉर्म राहिला म्हणून प्रोसीडिंग्जमधून, म्हणजे कॉन्फरन्सच्या प्रकाशित पेपरसंग्रहातून, गळतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण एवढं नुकसान होण्याइतकं अवघड त्यात काहीच नसतं.

प्रत्येक कॉन्फरन्सचे नियम थोडे वेगळे असतात. इथे आयईईई या इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कॉन्फरन्सचं उदाहरण घेतलं आहे, कारण आपल्याकडच्या कॉम्प्युटर, ईएनटीसी, इलेक्ट्रिकलच्या मुलामुलींचा पहिला पेपर बहुधा त्याच टेम्प्लेटमध्ये लिहिला जातो. स्प्रिंगर या प्रकाशकाचं वेगळेपण शेवटाकडे थोडक्यात सांगितलं आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. प्रोसीडिंग्ज तयार करणाऱ्यांकडे शेकडो पेपर एकदम येतात. तुमची समास सोडण्याची पद्धत किंवा नावाचं स्पेलिंग कुणी बसून दुरुस्त करणार नाही. जे पाठवाल तेच छापलं जाईल, नाहीतर परत येईल. म्हणून पलीकडच्या माणसाला तुम्हाला एकही प्रश्न विचारावा लागू नये, अशी फाइल तयार करायची.

कॉन्फरन्स खरी आहे ना?

फॉरमॅटिंगच्या आधी हे तपासा. "पेपर आयईईई फॉरमॅटमध्ये पाठवा" असं एखाद्या जाहिरातीत लिहिलं, म्हणजे ती आयईईईची कॉन्फरन्स झाली असं नाही. टेम्प्लेट सर्वांसाठी मोफत आहे आणि कुणीही तो मागू शकतं. कॉन्फरन्सला आयईईईचं किंवा तिच्या एखाद्या सोसायटीचं, सेक्शनचं प्रायोजकत्व असेल, तर आयईईईच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या कॉन्फरन्स शोधात तिचं नाव, तारीख आणि ठिकाण सापडतं. तिथे नाव सापडलं नाही, तर आयोजकांना लेखी विचारा.

दुसरी तपासणी मागच्या वर्षांची. कॉन्फरन्स तिसरी किंवा चौथी असेल, तर आधीच्या वर्षांचे पेपर आयईईई एक्सप्लोर या डिजिटल ग्रंथालयात दिसायला हवेत. तिथे जाऊन दोन-तीन पेपर उघडा. त्यातून दर्जाही कळतो आणि छापून आलेला पेपर कसा दिसतो तेही कळतं. "स्कोपस इंडेक्स्ड", म्हणजे स्कोपस या शोधनिबंधांच्या सूचीत पेपरांची नोंद होते, या दाव्याचंही तसंच: स्कोपसच्या मोफत स्रोत-यादीत नाव स्वतः शोधा. ती यादी मुख्यतः नियतकालिकांची आणि मालिकांची आहे, त्यामुळे सुट्या कॉन्फरन्सच्या बाबतीत मागच्या वर्षीचे पेपर स्कोपसमध्ये खरोखर आले का, हे कॉलेजच्या ग्रंथपालांच्या मदतीने बघावं लागतं. पेपर पाठवल्यावर एक-दोन दिवसांत, परीक्षकांचा एकही अभिप्राय न देता "अभिनंदन, फी भरा" अशी मेल आली, तर पैसे भरू नका. विद्यार्थ्यांच्या घरच्यांनी मोठ्या कष्टाने दिलेले पैसे अशा ठिकाणी जातात. पेपर एकदा चुकीच्या जागी छापला गेला, की तेच काम दुसरीकडे पाठवताही येत नाही.

सूचनांचं पान पेन घेऊन वाचा

कॉन्फरन्सच्या संकेतस्थळावर लेखकांसाठी सूचनांचं पान असतं. ते छापून घ्या आणि पाच गोष्टींवर खूण करा: पानांची मर्यादा किती आणि संदर्भ तिच्यात धरले आहेत का, कागद ए-फोर की यूएस लेटर, परीक्षण करताना लेखकांची नावं लपवायची आहेत का, पेपर कुठल्या पोर्टलवर टाकायचा, म्हणजे ईडीएएस, सीएमटी, ईझीचेअर की आणखी काही, आणि अंतिम मुदत कोणत्या वेळेनुसार आहे.

या शेवटच्या मुद्द्यावर गोंधळ फार होतो. पुष्कळ कॉन्फरन्स मुदतीपुढे "एओई" लिहितात. म्हणजे पृथ्वीवर कुठेतरी ती तारीख अजून शिल्लक असेपर्यंत. ही वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या १२ तास मागे असते. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहोत. त्यामुळे १५ तारखेची रात्री ११:५९ ची एओई मुदत भारतात १६ तारखेला संध्याकाळी ५:२९ ला संपते. पण मुदत भारतीय वेळेनुसार असेल, तर ती १५ च्या रात्रीच संपली. सूचनेत काहीच लिहिलं नसेल, तर लवकरची वेळ धरून चाला. शेवटच्या तासाभरात पोर्टल मंदावतं, तेव्हा आदल्या दिवशी एक कच्ची पण पूर्ण पीडीएफ टाकून ठेवा. मुदत संपेपर्यंत बहुतेक पोर्टलवर ती बदलता येते.

टेम्प्लेटमध्येच लिहायला बसा

पेपर आधी साध्या फाइलमध्ये लिहून शेवटी टेम्प्लेटमध्ये ओतायचा, ही सवय सोडा. दोन रकान्यांत मजकूर आला की सहा पानांत काय मावतं याचा अंदाज पूर्ण बदलतो. समीकरण रकान्याबाहेर जातं, तक्ता अर्धा कापला जातो, आणि मग मुदतीच्या रात्री महत्त्वाचा परिच्छेद उडवायची वेळ येते.

टेम्प्लेट आयईईईच्या संकेतस्थळावरूनच घ्या, मित्राच्या पेनड्राइव्हवरून नको. वर्डसाठी ए-फोर आणि यूएस लेटर अशा दोन वेगळ्या फाइली आहेत. लेटेक या कोड लिहून मांडणी करायच्या प्रणालीत लिहिणाऱ्यांना तोच टेम्प्लेट ओव्हरलीफ या ऑनलाइन संपादकावर तयार मिळतो. ठरलेली मापं अशी: शीर्षक २४ पॉइंट, मुख्य मजकूर १० पॉइंट टाइम्स न्यू रोमन, सारांश आणि कीवर्ड ९ पॉइंट ठळक, आकृत्यांखालच्या ओळी आणि संदर्भ ८ पॉइंट. मुख्य विभागांना रोमन आकडे, उपविभागांना इंग्रजी मोठी अक्षरं. पानांना क्रमांक घालायचे नाहीत. ते प्रोसीडिंग्ज तयार करणारे घालतात.

वर्डमध्ये काम करत असाल, तर प्रत्येक परिच्छेदाला टेम्प्लेटमधली स्टाइल लावा. फॉन्ट आणि आकार हाताने बदलत बसू नका. दुसरीकडून मजकूर आणताना फक्त मजकूर चिकटवण्याचा पर्याय वापरा, नाहीतर मूळ फाइलचं सगळं फॉरमॅटिंग सोबत येतं. समीकरणं इक्वेशन एडिटरमध्ये टाइप करा. स्क्रीनशॉट काढून चिकटवलेलं समीकरण छपाईत धूसर दिसतं आणि शोधताही येत नाही.

लेटेकमध्ये आयईईईट्रॅन क्लासला कॉन्फरन्स हा पर्याय दिला की बहुतेक काम होतं. पान वाचवण्यासाठी समास बदलणारं जॉमेट्री पॅकेज लावायचं नाही, शीर्षकांच्या वरखाली उणे जागा घालायची नाही. पान जास्त होत असेल तर लेखन आवळा. प्रस्तावनेतला पहिला अर्धा रकाना सहसा काढता येतो. "आजच्या युगात तंत्रज्ञानाचं महत्त्व वाढत आहे" अशी वाक्यं परीक्षक वाचतही नाहीत.

टेम्प्लेटमध्ये सूचनांचा जो नमुना-मजकूर असतो, तो पाठवण्याआधी पूर्ण काढायचा. आयईईई स्वतः टेम्प्लेटच्या शेवटी लाल अक्षरांत बजावते, की हा मजकूर राहिला तर पेपर प्रकाशित न होण्याची शक्यता आहे. ती लाल सूचनासुद्धा काढायची आहे. बऱ्याच पेपरांत नेमकी तीच राहून जाते.

सारांश मात्र सगळ्यात शेवटी लिहा. त्यात समीकरणं, तळटीपा, संदर्भांचे आकडे नकोत. प्रश्न काय होता, तुम्ही काय केलं, किती फरक पडला, हे आकड्यासकट यावं. एक्सप्लोरवर बहुतेक वाचकांना तुमच्या पेपरचा एवढाच भाग मोफत दिसणार आहे.

नावाचा प्रश्न आपल्याकडे जास्त आहे

आपल्याकडे परीक्षेच्या फॉर्मवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव लिहायची सवय आहे. आयईईईच्या टेम्प्लेटमध्ये आधी स्वतःचं नाव आणि शेवटी आडनाव अपेक्षित असतं. समजा मुलीचं नाव स्नेहल, वडील विजय आणि आडनाव शिंदे आहे. तिने फॉर्मसारखं "शिंदे स्नेहल विजय" लिहिलं, तर शोधयंत्रं "विजय" हे आडनाव धरतील आणि पुढे कुणी तिचा संदर्भ दिला तर तो "एस. एस. विजय" असा छापला जाईल. ही चूक नंतर दुरुस्त करणं फार जिकिरीचं असतं.

म्हणून पहिल्या पेपरच्या वेळीच आपलं शोधलेखनातलं नाव ठरवा. वडिलांचं नाव पूर्ण लिहायचं, आद्याक्षर लिहायचं की वगळायचं, हे एकदा ठरलं की प्रत्येक पेपरात तेच. लग्नानंतर नाव बदलायचं की नाही हा तुमचा निर्णय आहे, पण शोधलेखनात जुनंच नाव चालू ठेवायला काहीच हरकत नसते. ऑर्किड या संशोधकांच्या ओळख-नोंदणीचा १६ अंकी क्रमांक काढून ठेवा, तो मोफत मिळतो. नाव बदललं, कॉलेज बदललं तरी तुमचे पेपर त्या एका क्रमांकाखाली एकत्र राहतात. मेलचा पत्ताही असा द्या जो पास झाल्यावर बंद होणार नाही.

लेखकांचा क्रम आणि यादी पेपर टाकण्याआधी ठरवा, गाइडशी मोकळेपणाने बोला. स्वीकृतीनंतर नाव घालायला किंवा काढायला अनेक कॉन्फरन्स परवानगी देत नाहीत. ज्याने कामात भाग घेतलेला नाही त्याचं नाव लेखकांत घालायचं नाही. मदत करणाऱ्यांचे आभार मानायला शेवटी वेगळा परिच्छेद असतो.

आकृत्या आणि तक्ते

पेपर खराब दिसण्याचं सगळ्यात मोठं कारण आकृत्या. एका रकान्याची रुंदी ३.५ इंच, म्हणजे साधारण ८९ मिलिमीटर असते. पूर्ण पानभर आकृतीसाठी ७.१६ इंच मिळतात. आकृती काढतानाच याच मापात काढा. लॅपटॉपच्या पडद्याएवढा आलेख काढून तो रकान्यात दाबला, की अक्षांवरची अक्षरं मुंगीएवढी होतात. छापल्यानंतर आकृतीतली अक्षरं तिच्या खालच्या ओळीच्या, म्हणजे ८ पॉइंटच्या आसपास दिसायला हवीत.

फोटो आणि छटा असलेली चित्रं किमान ३०० डीपीआयची, रेषाचित्रं ६०० डीपीआयची लागतात. आलेख शक्यतो व्हेक्टर स्वरूपात, म्हणजे पीडीएफ किंवा ईपीएसमध्ये काढा. कितीही मोठा केला तरी फुटत नाही. वर्ड फाइल जतन करताना चित्रं आपोआप लहान करतं, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड विभागात जाऊन चित्रं कॉम्प्रेस न करण्याच्या पर्यायावर खूण करा, आणि ती चित्रं टाकण्याआधीच करा.

पायथॉनच्या मॅटप्लॉटलिबने आलेख काढत असाल तर आणखी एक सेटिंग लागतं. ते डीफॉल्टने टाइप ३ फॉन्ट पीडीएफमध्ये घालतं, आणि त्यावरून अंतिम तपासणीत पेपर अडकू शकतो. पीडीएफ फॉन्टटाइप या सेटिंगची किंमत ४२ ठेवली की ट्रूटाइप फॉन्ट जातो. कोडच्या पहिल्या ओळींतच हे लिहून टाका.

आकृतीचं शीर्षक आकृतीच्या खाली, तक्त्याचं तक्त्याच्या वर. आकृत्यांना साधे आकडे, तक्त्यांना रोमन. प्रत्येक आकृतीचा आणि तक्त्याचा मजकुरात उल्लेख हवा. जिचा उल्लेख करावासाच वाटला नाही ती आकृती काढून टाका. आलेखातल्या दोन रेषा फक्त लाल-हिरव्या रंगाने वेगळ्या करू नका. एक तुटक काढा, दुसरीवर खुणा घाला. काळ्या-पांढऱ्या छपाईतही कळायला हवं आणि रंगांध वाचकालाही.

संदर्भ

आयईईई पद्धतीत संदर्भांना चौकोनी कंसात आकडे असतात आणि ते मजकुरात जसे येतात त्या क्रमाने लागतात, वर्णानुक्रमे नाही. यादीत लेखकाच्या नावाची आद्याक्षरं आधी आणि आडनाव नंतर. टेम्प्लेटच्या सूचनेप्रमाणे सहा किंवा जास्त लेखक नसतील तर सगळ्यांची नावं द्यायची असतात. एखादा संदर्भ यादीत आहे पण मजकुरात कुठेच नाही, असं होऊ देऊ नका.

गूगल स्कॉलरवरून घेतलेली नोंद जशीच्या तशी चिकटवू नका. तिच्यात कधी पानं नसतात, कधी कॉन्फरन्सचं नाव अर्धवट असतं, कधी वर्षही दुसऱ्या आवृत्तीचं असतं. डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ओळखक्रमांक, घेऊन प्रकाशकाच्या पानावर जा आणि तिथली माहिती घ्या. आयईईईच्या पेपरांचा डीओआय १०.११०९ ने सुरू होतो, स्प्रिंगरचा १०.१००७ ने. चॅटबॉटने सुचवलेला संदर्भ तर डीओआय उघडून आणि पेपर प्रत्यक्ष वाचूनच घ्यायचा. अस्तित्वातच नसलेले पेपर तो अगदी खऱ्यासारखे लिहून देतो, आणि असा एक संदर्भ परीक्षकाला सापडला की बाकीच्या तुमच्या कामावरचाही त्याचा विश्वास उडतो.

बिबटेक, म्हणजे लेटेकमध्ये संदर्भयादी तयार करणारं साधन, वापरणाऱ्यांसाठी: आयईईईट्रॅनची शैली पेपरांच्या शीर्षकातली मोठी अक्षरं लहान करते. त्यामुळे मराठी, हिंदी अशी भाषांची नावं आणि बर्टसारखी मॉडेलची नावं छोट्या अक्षरांत छापली जातात. असे शब्द बिब फाइलमध्ये महिरपी कंसात घाला.

पेपरमध्ये देवनागरी असेल तर

मराठीवर काम करणाऱ्यांची संख्या वाढते आहे. भाषांतर, भावविश्लेषण, हस्ताक्षर ओळखणं, वाक् ओळखणं असे विषय आपल्याकडच्या कॉलेजांत आवडीने घेतले जातात, आणि त्या पेपरांत मराठी उदाहरणं असायलाच हवीत. उदाहरण रोमन लिपीत लिहून भागवू नका. ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरं, अनुस्वार यांवरच काम असेल तर वाचकाला मूळ अक्षर दिसलं पाहिजे. त्याच्यासोबत लिप्यंतर आणि इंग्रजी अर्थ द्या, म्हणजे ब्राझीलमधल्या परीक्षकालाही मुद्दा कळेल.

वर्डमध्ये युनिकोड फॉन्ट वापरला तर फारसा त्रास होत नाही. जुना नॉन-युनिकोड फॉन्ट वापरू नका. पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की त्यातून भलतीच अक्षरं निघतात. लेटेकमध्ये नेहमीच्या पीडीएफलेटेकला देवनागरी थेट झेपत नाही. झीलेटेक किंवा लुआलेटेक घ्यावं लागतं. तसं करताना फॉन्टस्पेक पॅकेजमुळे इंग्रजी मजकुराचा फॉन्ट टाइम्सऐवजी लॅटिन मॉडर्न होतो, तेव्हा मुख्य फॉन्ट टाइम्सच्या जातीचा, उदाहरणार्थ टेक्स गायर टर्म्स, असं स्पष्ट सांगा. देवनागरीची दोनच उदाहरणं असतील तर ती वेगळ्या फाइलमध्ये तयार करून व्हेक्टर पीडीएफ म्हणून आकृतीसारखी घातली तरी चालतं. कुठल्याही मार्गाने गेलात तरी अंतिम पीडीएफ उघडून प्रत्येक जोडाक्षर डोळ्यांनी बघा. "र्‍या" आणि "ऱ्या", "क्ष" आणि "ज्ञ" इथे हमखास गडबड होते, आणि प्रोसीडिंग्ज तयार करणाऱ्याला ती ओळखता येणार नाही. ती फक्त तुम्हालाच दिसणार आहे.

साम्य आणि एआय

पेपर पोर्टलवर गेला की साम्य तपासणी होते, म्हणजे तुमचा मजकूर आधी छापलेल्या मजकुराशी किती जुळतो ते बघितलं जातं. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही आणि त्यापुढे ४० आणि ६० टक्के असे टप्पे आहेत. पण कॉन्फरन्सची स्वतःची मर्यादा वेगळी असू शकते, ती सूचनांत बघा. टक्केवारी कमी करण्यासाठी शब्द फिरवणारी सॉफ्टवेअर वापरू नका. त्यातून "आर्टिफिशियल इंटेलिजन्स"चं काहीतरी विचित्र रूप बाहेर पडतं आणि जाणकार परीक्षक ते लगेच ओळखतो. जुना पेपर बाजूला ठेवून, त्यातला मुद्दा स्वतःला समजावून सांगत लिहिला की साम्य आपोआप उतरतं. स्वतःच्या आधीच्या पेपरातला मजकूर उचलणंही साम्यातच धरलं जातं.

एआयने तयार केलेला मजकूर, आकृती किंवा कोड पेपरात असेल तर तो कुठे आणि कोणत्या साधनाने केला हे आभारांच्या भागात सांगणं आयईईईच्या धोरणानुसार आवश्यक आहे. फक्त व्याकरण सुधारलं असेल तरी ते सांगून टाकावं असं माझं मत आहे.

परीक्षणासाठी पहिली प्रत

नावं लपवून परीक्षण होणार असेल, तर केवळ शीर्षकाखालची नावं काढून भागत नाही. आभार काढा. स्वतःच्या जुन्या पेपरचा उल्लेख तिसऱ्या व्यक्तीचा असल्यासारखा करा. गिटहबच्या दुव्यात तुमचं नाव असेल तर तो बदला. वर्डच्या फाइल इन्फोमध्ये लेखकाचं नाव राहतं, ते पुसा. आकृतीच्या कोपऱ्यात कॉलेजचं बोधचिन्ह नाही ना, हेही बघा. याउलट नावं दाखवायची असतील आणि तुम्ही लपवली, तरी पेपर परत येऊ शकतो.

पोर्टलवर शीर्षक, सारांश आणि सगळ्या लेखकांची माहिती वेगळी भरावी लागते. ती पीडीएफमधल्यासारखीच तंतोतंत हवी. शेवटचं बटण दाबल्यावर पोचपावतीची मेल येते आणि पेपरचा क्रमांक मिळतो. तो क्रमांक पुढच्या प्रत्येक पत्रव्यवहारात लागतो. मेल आली नाही तर स्पॅम फोल्डर बघा, तिथेही नसेल तर सबमिशन झालं नाही असं समजा. अपलोड केलेली फाइल पुन्हा डाउनलोड करून उघडून बघा.

स्वीकृतीनंतरचे दिवस

स्वीकृतीची मेल आली की खरी घाई सुरू होते. कॅमेरा-रेडी, म्हणजे छापायला तयार प्रत देण्यासाठी बहुधा फार थोडे दिवस मिळतात. आधी परीक्षकांचे अभिप्राय एका कागदावर उतरवा आणि प्रत्येकासमोर तुम्ही काय बदललं ते लिहा. कॉन्फरन्सने मागितलं नसलं तरी हा कागद तयार करा. तुमचा पेपर त्याने नक्की सुधारतो. नावं लपवली होती ती परत घाला, आभार परत घाला.

पहिल्या पानाच्या तळाला कॉपीराइटची ओळ येते. ती आयोजक देतात: ९७९-८ किंवा तशाच अंकांनी सुरू होणारा आयएसबीएन, वर्ष, किंमत आणि आयईईईचं नाव. मागच्या वर्षीच्या पेपरवरून ती उचलू नका, क्रमांक दरवर्षी बदलतो.

मग पीडीएफ एक्सप्रेस. आयईईईची ही सेवा तुमची पीडीएफ एक्सप्लोरच्या तांत्रिक अटींत बसते का हे तपासते. आयोजक एक कॉन्फरन्स आयडी देतात. तो वापरून खातं काढायचं आणि पीडीएफ टाकायची. हवी तर वर्ड किंवा लेटेकच्या मूळ फाइली टाकून तिथूनच पीडीएफ बनवून घेता येते. नापास होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे फॉन्ट एम्बेड, म्हणजे फाइलच्या आतच साठवलेले, नसणं. हे घरीच तपासता येतं: ॲक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल आणि डी दाबा, फॉन्टच्या टॅबवर जा. प्रत्येक फॉन्टसमोर "एम्बेडेड" किंवा "एम्बेडेड सबसेट" लिहिलेलं दिसायला हवं. वर्डमधून पीडीएफ काढताना ऑप्शन्समध्ये पीडीएफ-ए चा पर्याय निवडला तर फॉन्ट आत जातात. पीडीएफला पासवर्ड नको, वेगवेगळ्या आकारांची पानं नकोत.

आता सगळ्यात महत्त्वाची बाब. पीडीएफ एक्सप्रेसवर पास झालेली फाइल आपोआप कॉन्फरन्सकडे जात नाही. ती तुम्हाला परत मिळते आणि तुम्ही ती ईडीएएस, सीएमटी किंवा जे पोर्टल असेल तिथे स्वतः अपलोड करायची असते. "पास" अशी मेल आली म्हणून निर्धास्त राहिलेले विद्यार्थी दरवर्षी असतात. आणि पास झाल्यावर एखादी चूक सापडून फाइल बदलली, तर नवी फाइल पुन्हा तपासून घ्या.

कॉपीराइटचा इलेक्ट्रॉनिक फॉर्म बहुधा पोर्टलवरूनच उघडतो. सगळ्यांच्या वतीने एक लेखक तो भरू शकतो, पण बाकीच्यांची संमती आधी घ्या. फॉर्मवरचं शीर्षक आणि लेखकांची यादी अंतिम पीडीएफशी जुळली पाहिजे. शीर्षकात एक शब्द बदलला असेल तर पोर्टलवरही बदला. फॉर्म भरल्यावर मिळणारी पीडीएफ जपून ठेवा.

नोंदणी करताना बघा, की एका पेपरमागे पूर्ण दराची लेखक-नोंदणी लागते की विद्यार्थी-नोंदणी चालते. हा फरक बारीक अक्षरांत असतो. कॉलेजकडून पैसे मिळवायचे असतील तर मंजुरीचा अर्ज स्वीकृतीच्या दिवशीच द्या. आणि सादरीकरणाला कुणीतरी जायलाच हवं. कुणीच सादर न केलेला पेपर एक्सप्लोरवर न घालण्याचा अधिकार आयोजकांना असतो. आजारपण किंवा व्हिसाची अडचण आली तर आधी कळवा, सहलेखकाला पाठवा.

स्प्रिंगरकडे पाठवत असाल तर

स्प्रिंगरची एलएनसीएस (लेक्चर नोट्स इन कॉम्प्युटर सायन्स) मालिका १९७३ पासून चालू आहे आणि तिचा टेम्प्लेट एका रकान्याचा असतो. मजकुराचा भाग १२२ बाय १९३ मिलिमीटर, त्यामुळे आयईईईची सहा पानं इथे दहा-बारा होतात. सारांश १५० ते २५० शब्दांचा. तक्त्यांनाही साधेच आकडे. मोठा फरक असा, की स्प्रिंगर पीडीएफसोबत मूळ लेटेक किंवा वर्ड फाइली मागते आणि पुढची मांडणी स्वतः करते. म्हणून सगळ्या आकृत्या, बिब फाइल आणि वेगळी वापरलेली पॅकेजेस एका झिपमध्ये द्या, आणि ती झिप दुसऱ्या संगणकावर उघडून कंपाइल होते का ते करून बघा. काही दिवसांनी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला प्रूफ येतं आणि उत्तर द्यायला फार थोडा वेळ मिळतो. ती मेल रोज बघणाऱ्या माणसाचंच नाव तिथे द्या.

पेपर छापून आल्यावर

एक्सप्लोरवर पेपर दिसायला कॉन्फरन्सनंतर काही महिने लागू शकतात. दिसला की लगेच लेखकांची नावं, संस्थेचं नाव आणि शीर्षक तपासा आणि डीओआय ऑर्किडमध्ये जोडा. तुम्हाला तो स्वतःच्या किंवा कॉलेजच्या संकेतस्थळावर ठेवायचा असेल, तर आयईईई स्वीकृत प्रत ठेवू देते, म्हणजे परीक्षणानंतर तुम्ही तयार केलेली तुमची फाइल, सोबत कॉपीराइटची ओळ आणि डीओआय. एक्सप्लोरवरून उतरवलेली अंतिम पीडीएफ तिथे ठेवता येत नाही. म्हणून कॅमेरा-रेडी पाठवलेल्या दिवशीच ती फाइल, तिच्या मूळ फाइली आणि आकृत्या काढणारा कोड एका फोल्डरमध्ये ठेवा. तुमच्या मागून येणाऱ्या ज्या विद्यार्थ्यांच्या कॉलेजला एक्सप्लोरची वर्गणी परवडत नाही, त्यांना तुमचा पेपर त्याच फाइलमुळे वाचता येईल.